बाटलीवरची भाषा आणि फवारणाऱ्याची भाषा

उल्हासनगर कॅम्प ५ च्या भाजीबाजारात सकाळी पालक, मेथी आणि लाल माठाच्या जुड्या ओल्या गोणपाटावर मांडल्या जातात. जुडी हातात घेताना गृहिणी दोन गोष्टी हटकून पाहते. पान कोवळे आहे का, आणि त्याला कीड तर लागलेली नाही ना? पानावर एकही भोक नसणे हे आपण ताजेपणाचे लक्षण मानतो. ते निर्व्यंग पान आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावे यासाठी कोणाच्या तरी पाठीवर फवारणीचा पंप चढलेला असतो, ही गोष्ट मात्र बाजारात दिसत नाही.

ती दिसते लोकलच्या खिडकीतून. मुंबईपासून कल्याणपर्यंत आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेवर, रुळांलगतच्या मोकळ्या जमिनीत पालेभाज्यांचे वाफे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ या जुन्या योजनेखाली रेल्वेने अशा जमिनी आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिल्या. तेथे प्रत्यक्ष राबणारे हात पुष्कळदा उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले असतात. बदलापूरच्या पलीकडे, मुरबाड आणि कर्जतच्या बाजूस भातकापणीनंतर भेंडी, काकडी आणि कारल्याचे मळे उभे राहतात. तेथे मजुरीला येणाऱ्यांत कातकरी आणि ठाकूर पाड्यांवरची माणसे असतात. या साऱ्यांच्या हाती जी बाटली येते, तिच्यावर त्यांच्या जिवाविषयीची माहिती छापलेली असते. प्रश्न एवढाच आहे की ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते का.

एका शब्दाने केलेली दिशाभूल

पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला ‘काय चालले आहे?’ असे विचारले, तर हिंदीत उत्तर येते, ‘दवाई मार रहे हैं.’ मराठी शेतकरी म्हणतो, ‘औषध मारतोय.’ पिकाच्या बाजूने पाहिल्यास हा शब्द चुकीचा नाही. पिकाचा रोग त्याने हटतो. परंतु ‘औषध’ या शब्दाबरोबर मनात येते ती आश्वासकता. औषध हाताला लागले म्हणून कोणी हात धूत नाही, आणि औषधाची रिकामी बाटली धुऊन घरात वापरायला कोणी कचरत नाही. गंमत अशी की त्याच मराठीत ‘तो औषध प्यायला’ असे दबक्या आवाजात म्हटले, की ऐकणाऱ्याला त्याचा भयंकर अर्थ तत्काळ कळतो. भाषेला सत्य ठाऊक आहे. रोजच्या वापरात मात्र ते झाकले जाते.

म्हणून कीटकनाशकांच्या सुरक्षिततेची पहिली पायरी मुखवट्याच्या किंवा हातमोज्यांच्याही आधी येते. ज्याच्या हातात बाटली आहे त्याला, त्याला समजणाऱ्या शब्दांत, हे विष आहे असे कोणीतरी सांगितले पाहिजे.

यवतमाळने काय दाखवले?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली आणि जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा पायाशी न राहता चेहऱ्याशी येत होता. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांतून अतिशय बारीक तुषार उडत होते. हवा दमट आणि उष्ण होती. दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवून मारली जात होती, आणि संरक्षक कपडे बहुतेकांकडे नव्हते.

त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती; भाषेचे अंतर हे एकमेव कारण होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि, दुकानदाराने सांगितले ते मिसळायचे आणि मालकाने सांगितले ते मारायचे, या साखळीत शेवटच्या माणसापर्यंत धोक्याची माहिती कशी विरत जाते, हे त्या वर्षी उघड झाले. आणि स्थलांतर म्हणजे राज्याची सीमा ओलांडणे, हा समजही तपासून पाहावा लागतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी कुटुंबे आहेत. मराठी त्यांना बाजारापुरती येते. छापील, तांत्रिक मराठी त्यांच्यासाठीही परकीच असते.

नाशिक जिल्ह्यात हेच निराळ्या रूपात दिसते. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतील आदिवासी मजूर हंगामात दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वेलीच्या काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, आणि हे काम बहुधा हातानेच होते. या रसायनाचा एक विशेष धोका आहे. ते शरीरात गेल्यावर, त्याच सुमारास अथवा पुढील काही दिवसांत मद्य घेतले, तर चेहरा लालबुंद होणे, धाप लागणे, छाती धडधडणे, रक्तदाब एकदम उतरणे अशी गंभीर प्रतिक्रिया येते. मद्याचे विघटन करणारे शरीरातील विकर या रसायनाने निकामी केलेले असते. दिवसभराच्या श्रमानंतर संध्याकाळी थोडी घेणाऱ्या मजुराला हे एक वाक्य ठाऊक नसेल, तर त्याची अवस्था पाहून सोबतचे लोक ‘जास्त झाली’ एवढेच म्हणतील.

बाटली काय सांगते?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे आहेत. वेष्टनावरील आणि सोबतच्या पत्रकावरील मजकूर हिंदीत, इंग्रजीत आणि ज्या भागात माल विकला जाणार तेथील एक-दोन प्रादेशिक भाषांत असावा, असे नियम सांगतात. उत्पादकांनी आणि वितरकांनी कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे, हेही त्यांत आहे. रिकामी वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असेही आहे.

प्रत्येक बाटलीवर एक टोकावर उभा केलेला चौकोन असतो. तो दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा हवा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी: शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पोटात गेल्यास प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतात. या बाटलीवर कवटी आणि हाडांचे चिन्ह असते. पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्यांहून सौम्य.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण न शिकवता ती कोणाला कळावी? ज्या देशात खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका ‘शाकाहारी, निःशंक खा’ असे सांगतो आणि सिग्नलचा हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो, तेथे विषाच्या बाटलीवरील हिरवा रंग ‘निर्धोक’ असाच वाचला जाणार. निळ्या रंगातून तर धोक्याची कल्पनाही येत नाही. त्यात बाटली १०० मिलिलिटरची असेल, तर दोन-तीन भाषांतील सूचना इतक्या बारीक अक्षरांत येतात की साक्षर माणसालाही चष्मा लागावा. पत्रक घडी न उलगडताच फेकले जाते. आणि मोठ्या डब्यातले थोडे द्रव पाण्याच्या बाटलीत ओतून मजुराच्या हाती दिले, तर त्याच्याजवळ लेबलही उरत नाही, रंगही नाही आणि कवटीही नाही.

अशा अदलाबदलीची किंमत किती मोठी असू शकते, हे बिहारमध्ये दिसले. जुलै २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. भाजीपाल्यावर हे कीटकनाशक वापरण्यास आपल्या देशात २००५ पासूनच मनाई होती.

शरीरात काय घडते?

विष केवळ तोंडावाटे जाते, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात ते प्रामुख्याने त्वचेतून शिरते. पंपाचे झाकण गळत असेल तर पाठ भिजते. ओला सदरा दिवसभर अंगाला चिकटून राहतो. घामाने ओलसर झालेली त्वचा विष अधिक वेगाने शोषते. डोक्याची आणि जांघेची त्वचा तर फारच लवकर. हात न धुता खैनी मळणारा किंवा लघवीला जाणारा मजूर नकळत विषाला वाट करून देतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जातंतूंच्या संदेशवहनावर आघात करतात. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश गेल्यावर तो पुसून टाकणारे विकर शरीरात असते. ही रसायने तेच बंद पाडतात. मग संदेश थांबतच नाही. लाळ, अश्रू आणि घाम वाहू लागतो, बाहुल्या बारीक होऊन अंधूक दिसते, मळमळ, उलट्या आणि जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास कोंडतो. लक्षणे काही मिनिटांत दिसू शकतात किंवा कित्येक तासांनी, रात्री खोपटात परतल्यावरही. बाहेरून पाहणाऱ्याला ही लक्षणे ऊन लागल्याची, पोट बिघडल्याची किंवा दारूची वाटतात. म्हणून फवारणीनंतर त्रास सुरू झाल्यास पहिला संशय विषबाधेचाच घ्यावा.

त्या वेळी काय करावे?

रुग्णाला ताबडतोब शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने स्वतःच्या हातांवर रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याची धार निदान १५ मिनिटे धरावी. विष पोटात गेले असले तरी मीठ-पाणी पाजून किंवा बोटे घालून उलटी काढू नये. अनेक कीटकनाशके रॉकेलसारख्या द्रावकांत विरघळवलेली असतात आणि उलटीबरोबर ती फुप्फुसात शिरतात. दूध, तूप, तेल, लिंबू यांपैकी काहीही पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि बाटली सोबत न्यावी. ते शक्य नसेल तर तिच्या लेबलाचे छायाचित्र घ्यावे. फॉस्फरसयुक्त विषावर अॅट्रोपीन हे परिणामकारक औषध आहे; पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र उतारा नाही आणि त्याचे उपचार वेगळ्याच रीतीने करावे लागतात. रुग्णाने काय फवारले हे डॉक्टरांना कळले, तर निदानातला मोलाचा वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांसाठी आणि सामान्य नागरिकांसाठीही खुला आहे.

इतरांनी काय केले?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील शेती मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोहून आलेल्या मजुरांवर चालते. तेथील संघीय नियमानुसार शेतमजुरांना दरवर्षी कीटकनाशक-सुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे लागते, आणि ते तोंडी किंवा दृक्‌श्राव्य स्वरूपात, त्यांना समजेल अशा रीतीने देणे बंधनकारक आहे. २०२२ च्या कायद्याने लेबलांवरील सुरक्षेचा मजकूर स्पॅनिशमध्येही उपलब्ध करून देणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले. सर्वांत विषारी रसायनांसाठी त्याची मुदत डिसेंबर २०२५ होती. तरीही कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत लक्षात आले की वाहाका प्रांतातून आलेल्या अनेकांची मातृभाषा मिश्तेको आहे, स्पॅनिश नव्हे. या भाषेत वाचण्याची सवय असलेले लोक थोडेच, म्हणून तेथील संस्थांना छापील पत्रकापेक्षा रेडिओ आणि समोरासमोरचा संवाद अधिक उपयोगी पडला.

आपल्या कातकरी, कोलाम किंवा भोजपुरी भाषक मजुराची स्थिती त्या मिश्तेको मजुराहून वेगळी नाही. त्याची भाषा लेबलावर येण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ती आली तरी तो वाचेलच असे नाही. माहिती कानावाटे, त्याच्याच बोलीत जायला हवी.

पाच वाक्ये

हे काम फार खर्चिक नाही. प्रत्येक टोळीत एखादा मुकादम किंवा एखादी चुणचुणीत बाई दोन भाषा जाणणारी असतेच. तिला पाच वाक्ये नीट समजावून दिली, तर ती आपल्या बोलीत पुढच्या वीस जणांना सांगेल.

पहिले: हे औषध नव्हे, विष आहे. भोजपुरीत सांगायचे तर, ‘ई दवाई ना ह, जहर ह.’ दुसरे: ते कातडीतून आत जाते, म्हणून गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही, हाताने ढवळायचे नाही, तोंडाने नोझल फुंकायचे नाही, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, पाठीवर प्लॅस्टिकचे आवरण आणि नाका-तोंडावर मुखवटा हवा. तिसरे: फवारणी सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात करावी, वाऱ्याकडे तोंड करून कधीही नाही, काम संपेपर्यंत तंबाखू, विडी आणि भाकरी दूर ठेवावी, संपल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. चौथे: बाटली खोपटात, पिण्याच्या पाण्याजवळ किंवा मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही आणि रिकामी झाली तरी घरात वापरायची नाही. पाचवे: डोळ्यांपुढे अंधारी आली, लाळ सुटली, उलटी झाली, तर काम तत्क्षणी थांबवावे, सोबत्याला हाक मारावी आणि बाटली घेऊन इस्पितळ गाठावे.

सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये. परक्या गावातला मजूर मालकापुढे ‘समजले’ असेच म्हणतो. ‘तू आता मला सांग’ असे म्हणावे आणि त्याच्या तोंडून ऐकावे. चुकले तर पुन्हा सांगावे.

या कामात शहरातील कुटुंबांचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. आपल्या गृहसंकुलाच्या बागेत पंप घेऊन येणारा माळी, घरात झुरळांसाठी फवारणी करणारा तरुण, बदलापूर-नेरळकडे अनेकांनी घेतलेल्या लहानशा जागेवर झाडे राखणारा रखवालदार, हे सारे याच साखळीतले आहेत आणि त्यांना काम सांगणारे आपणच असतो. त्यांना मोजे देणे आणि ती पाच वाक्ये सांगणे ही आपली जबाबदारी आहे. शेतीची थोडी जमीन असेल, तर तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. लेबलावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर राखावे हे दिलेले असते. मजुराला ते ठाऊक असेल तर आपल्या ताटातील पालकही अधिक निर्धोक होतो. भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुण्याने पृष्ठभागावरील अंश बराच कमी होतो. पानाच्या आत शोषले गेलेले विष मात्र धुऊन जात नाही.

उल्हासनगर हे शहर परभाषेत येऊन पडलेल्या माणसांनीच उभारले आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळायला १९६७ साल उजाडले. कॅम्पांतील जुन्या पिढीने समोरचा कागद न वाचता येण्याची असहायता अनुभवली आहे. कोणीतरी शेजारी बसून तो कागद आपल्या भाषेत सांगितला, तेव्हाच त्यांची वाट सोपी झाली. आज भोजपुरी किंवा कातकरी बोलणारा मजूर बाटली हातात घेऊन उभा असताना त्याच्या शेजारी बसण्याची पाळी आपली आहे.